नऊ चाळीसच्या बातम्या

तारीख: ९ जानेवारी
शाळा: सारी-केच्यू
लेखक: सादात, जिल्हा शिक्षण कार्यालय
स्थिती: रोखलेली
मजकूर:

मजकुराची जागा कोरी आहे. पाच महिने ती कोरी होती. रोज सकाळी कार्यालयात आले की चहाच्याही आधी मी ती उघडून बघायचे, कुणी चुकून पुढे तर पाठवली नाही ना, म्हणून. मग बंद करायचे. मग पुन्हा उघडायचे.

•

पण आधी चार चौकोन.

गेल्या सप्टेंबरात जाझगुल माझ्या टेबलासमोर बसली होती. वर घाटातल्या सारी-केच्यू गावच्या जुमाश आगायची, म्हणजे तिथल्या भूगोलाच्या मास्तरांची, ही एकुलती एक मुलगी. मॉस्कोत शिवणाच्या कारखान्यात कामाला. आपल्या पोरीला, सेझिमला, तिसरीत घालायला आली होती आणि दुसऱ्या दिवशी परत निघाली होती. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं मला एजे म्हणत तिने फोन माझ्यापुढे ठेवला.

"एजे, ते तुमचं बातम्यांचं चालू करून द्या ना. बाबा म्हणतात, शाळेचं सगळं त्यात येतं."

"सगळ्या शाळांचं नाही येत. तुझ्या बाबांचं येतं. बाकीच्यांना लिहायचा कंटाळा."

आमच्या फीडला, म्हणजे फोनवर जाणाऱ्या शाळांच्या बातम्यांना, नाव नोंदवताना चार चौकोन दिसतात. बातम्या. हवामान आणि सुट्ट्या. निकाल. रिक्त जागा. खाली शाळेचं नाव घालायचं. मी पहिल्या तीन चौकोनांवर खूण केली.

"चौथा राहिला," ती म्हणाली.

"रिक्त जागा तुला कशाला? मास्तरीण व्हायचंय?"

"असू द्या हो. खूण करायला काय जातंय तुमचं? सारी-केच्यू असं नाव कुठेही आलं की माझा फोन वाजला पाहिजे, बस."

मी खूण केली. दोन महिने झालेत, असं ती जाता जाता पोटाकडे बघत म्हणाली. आधीची दोन सहाव्या महिन्यात गेली होती, म्हणून मी नुसतं तिच्या खांद्यावरचं सूत काढल्यासारखं केलं. सूत नव्हतं.

•

आता जुमाश आगायची पद्धत.

प्रत्येक शाळेने महिन्याला चार बातम्या द्याव्यात, असा आमचा नियम आहे. सारी-केच्यूचा मोबाइलचा मनोरा नवीन वर्षाला बर्फाखाली जातो आणि नवरोजला बाहेर येतो. तेवढे दिवस तिथे ना फोन लागतो, ना काही पाठवता येतं. दुसऱ्या शाळा असलं निमित्त शोधतच असतात. जुमाश आगायनी तोडगा काढला होता. ऑक्टोबरात ते ब्रेडच्या गाडीतून खाली यायचे, माझ्या शेजारी खुर्ची ओढायचे आणि वही उघडून अख्ख्या हिवाळ्याच्या बातम्या आधीच भरून ठेवायचे. दोन बोटांनी. प्रत्येकीला तारीख आणि वेळ नऊ चाळीस. पहिला तास संपला की ते अंगणातल्या तापमापकाकडे जायचे, ती वेळ.

"आगाय, फेब्रुवारीची बातमी ऑक्टोबरात कशी लिहिता?"

"अडतीस वर्षं शिकवतोय, पोरी. फेब्रुवारी कधी बदललाय?"

"आणि खोटी निघाली तर?"

"तर शाळेला सांगेन, बातमीप्रमाणे वागा."

असं म्हणून ते स्वतःच हसले. नाकातून, शिंकल्यासारखे. त्या वर्षी त्यांनी सोळा बातम्या रांगेत लावल्या. नवीन वर्षाच्या दोन गेल्या. चौदा उरल्या होत्या.

नऊ जानेवारीला ते तापमापक बघायला गेले ते परत आले नाहीत. मुलांना ते पायवाटेवर बसलेले दिसले. फावडं मांडीवर, आकडा वहीत लिहिलेला.

•

दहा तारखेला दुपारी दोघं माझ्याकडे आले. आगायचे थोरले भाऊ सातिबाल्दी, ज्यांना सगळे आके, म्हणजे दादा, म्हणतात, आणि शाळेची मुख्याध्यापिका झूरा, जी माझ्याबरोबर शिकलेली. घाट उतरायला त्यांना पाच तास लागले होते. सातिबाल्दी आके बसले नाहीत.

"पोरी, तू काही छापलंस?"

"अजून नाही, आके. लिहायलाच घेतलं होतं. तीन दिवसांत टाकावं लागतं."

"लिहू नकोस."

झूराने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "जाझगुल डिसेंबरपासून दवाखान्यात आहे. उठून बसायचीसुद्धा परवानगी नाही. डॉक्टर म्हणालेत, धक्का बसला तर हेही जाईल, आणि या वेळी तीही जाईल."

"तिला कळवायचं ते आम्ही कळवू," आके म्हणाले. "बाळ हातात आलं की. चार माणसं समोर बसून, पाठीवर हात ठेवून. फोनवर कुणी कुणाचा बाप मारत नाही."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"त्याला माहीत आहे. तो गप्प बसेल. लाइन बंद आहे, असं सांगेल, आणि लाइन दरवर्षी बंदच असते. राहिलीस तू."

मी शोकवार्तेची जागा बनवली, तारीख घातली आणि "रोखलेली" असं केलं. आकेंनी ते शब्द स्वतः वाचून घेतले. मग ते निघाले. त्यांना दफनासाठी पोचायचं होतं.

रांगेतल्या चौदा बातम्या तिघांपैकी एकालाही आठवल्या नाहीत.

•

११ जानेवारी, ९:४०
सारी-केच्यूत थंडी उणे तिसाच्या खाली. पहिली ते चौथीला दोन दिवस सुट्टी. मोठ्यांनी शाळेच्या शेगडीसाठी प्रत्येकी दोन गोवऱ्या आणाव्यात. एक आणणाऱ्याला अर्धाच भूगोल शिकवला जाईल.
— जुमाश

माझा फोन टेबलावर थरथरला, आणि मी ही बातमी उभ्यानेच वाचली. त्याच वेळी तिकडे वर लोक त्यांची कबर खणत होते. जमीन इतकी गोठली होती की आधी तिच्यावर टायर जाळावे लागले. झूराने नंतर सांगितलं, त्या सकाळी तापमापकात उणे तेहतीस होतं. म्हणजे बातमी खरी होती.

मी रांग थांबवायला गेले. बटणावर बोट होतं. तेवढ्यात जाझगुलचा निरोप आला.

"एजे, बाबांची बातमी आली! अर्ध्या भूगोलावरून इतकी हसले की नर्स धावत आली. आतलंही हललं. पहिल्यांदा एवढं जोरात."

मी बोट काढून घेतलं.

•

मला भीती कशाची वाटत होती, ते नीट सांगायला हवं. मेलेल्या माणसाची नाही. मी सत्तावीस वर्षं त्याच इमारतीत काम करते. तिथल्या अर्ध्या फायली मेलेल्यांच्याच आहेत. भीती वेगळी होती. फीडवर कार्यालयाचा शिक्का असतो. पालक ती वाचून मुलांना शाळेत पाठवतात किंवा घरी ठेवतात. तिच्यावर मी कधी खोटं जाऊ दिलं नव्हतं. आणि आता तिच्यावर रोज सकाळी एक माणूस जिवंत होता. लेखकाच्या नावाशेजारी हिरवा ठिपका. सक्रिय.

जानेवारीच्या शेवटी झूरा ब्रेडच्या गाडीतून आली, तेव्हा मी उरलेल्या बातम्यांची छापील यादी तिच्या हातात दिली.

"हे काय?"

"आगायचा हिवाळा. यातलं एकही खोटं निघता कामा नये. नाहीतर मला रांग बंद करावी लागेल, आणि बंद केली तर तिला कळेल."

तिने चष्मा लावला. "वर्गांची गोवऱ्यांची शर्यत. बरं, घेऊ. छपरावरचा बर्फ घसरून पायऱ्या मोडल्या. त्या दरवर्षी मोडतात. तीन फेब्रुवारी..." ती थांबली. "सादात, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? तीन फेब्रुवारीला शाळेच्या अंगणात कोल्हा आला, असं आहे इथे. कोल्हा मी कुठून आणू? खात्याकडे मागणीपत्र देऊ?"

"मागच्या वर्षी आला होता?"

"कधीच नाही. अडतीस वर्षांत नाही."

"मग त्यांनी लिहिलं कसं?"

"आता जाऊन विचारू का?" असं ती फटकन म्हणाली आणि यादीची घडी करून पिशवीत टाकली.

•

३ फेब्रुवारी, ९:४०
शाळेच्या अंगणात कोल्हा आला. सर्वांत आधी तिसरीतल्या सेझिमला दिसला. तिने आरडाओरडा केला नाही, हे विशेष.
— जुमाश

पुढच्या गाडीने झूराचं पाकीट आलं. आत एक फोटो, आणि फोटोच्या मागे तिचं घाईतलं अक्षर:

"मी काही केलेलं नाही. शपथ. पहिल्या तासाला आला. तापमापकाच्या खांबाजवळ बसला, मास्तरांच्या वाटेवर. सेझिम खिडकीत उभी होती. ओरडली नाही कारण ती जानेवारीपासून बोलतच नाही. फोटो काढेपर्यंत गेला. ठसे आहेत."

फोटोत बर्फ होता, खांब होता, आणि खांबापर्यंत गेलेली एका रेघेतली पावलं होती. परत गेलेली दिसली नाहीत. फोटो कडेला कापला गेला असेल.

मी तो फोटो बातमीला जोडला. जाझगुलने विचारलं, "बाबा फोटोत का नाहीत?" मी लिहिलं, "फोटो तेच काढतात ना." हे वाक्य लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत, आणि त्याचीच मला रात्रभर लाज वाटत राहिली.

•

शुक्रवारी सकाळी मी तेल तापवलं. मेलेल्यांपर्यंत पोचावा म्हणून तळणीचा वास उठवायचा, दर शुक्रवारी उठवतेच: आई, वडील, धाकटा भाऊ. पिठाचे तुकडे तेलात सोडताना मी एकेकाचं नाव घेते. चौथा तुकडा हातात घेतला आणि हात थांबला. जुमाश आगायचं नाव घ्यायचं का? त्यांची पुढची बातमी सोमवारी होती. ज्याला अजून काम आहे, त्याला गेलेल्यांत बसवायचं कसं?

तो तुकडा मी नाव न घेता तळला. नंतर कुणी खाल्ला, आठवत नाही.

•

१२ फेब्रुवारी, ९:४०
तिसरीतल्या सेझिमने आपल्या जिल्ह्यातल्या सर्व नद्या उगमापासून संगमापर्यंत न चुकता सांगितल्या. एक नदी तिने जास्तीची सांगितली. ती कुठे आहे, हे शोधणे चालू आहे.
— जुमाश

झूराने पाकिटात लिहिलं:

"पोर महिनाभर मुकी होती. मी यादी तिला दाखवली. दाखवायला नको होती, पण दाखवली. तिने वाचली, परत दिली. बारा तारखेला उठून फळ्यापुढे गेली आणि सुरू झाली. एकवीस नद्या. मग बाविसावी. नाव मी आधी कधी ऐकलेलं नाही. विचारलं, ही कुठली? म्हणाली, आजोबांना माहीत आहे."

हे मी जाझगुलला कळवलं नाही. कळवायची गरजच नव्हती. बातमी आधीच गेली होती, आणि आता ती खरीही होती. गेले महिनाभर तिकडे असंच चालू होतं: आधी मजकूर, मग घडणं. छपराचा बर्फ ठरल्या दिवशी घसरला. पायऱ्या मोडल्या. गोवऱ्यांच्या शर्यतीत सातवी जिंकली, जशी ऑक्टोबरात लिहिलेल्या बातमीत जिंकली होती. मुलं सकाळी आल्यावर एकमेकांना विचारायची, म्हणे, "आज आगायनी काय लिहिलंय?"

•

१ मार्च, ९:००
रिक्त जागा.
सारी-केच्यू शाळा: भूगोल शिक्षक. आठवड्याला अठरा तास. शेगडीसह घर मिळेल. जागा तात्काळ भरणे आहे.

खाली नाव नव्हतं. त्या यादीखाली नाव नसतं.

मी धावत पलीकडच्या खोलीत गेले. रिक्त जागांचं काम रिस्पेककडे. तो खिडकीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"रिस्पेक, हे काय टाकलंस?"

"यादी. पहिली तारीख आहे, एजे."

"जुमाश आगायची जागा?"

"मग? माणूस जाऊन पन्नास दिवस झाले. चाळिसाव्याचा विधीही झाला. पोरांना भूगोल कोण शिकवणार, तुम्ही?"

"काढ ती. आत्ता काढ!"

त्याने काढली. पण फोनवर वाजलेली ओळ परत फिरत नाही. मी जागेवर येऊन बसले, आणि तेव्हा मला सप्टेंबरातलं माझं बोट आठवलं. चौथा चौकोन. मी शोकवार्ता रोखली होती, बातम्या सांभाळल्या होत्या, कोल्ह्याचे ठसेसुद्धा जोडले होते, आणि चौथं दार मीच उघडून दिलं होतं.

रिस्पेकची चूक नव्हती. मुलांना भूगोल हवाच होता.

•

२ मार्च. तिच्याकडून काही नाही.

३ मार्च, ९:४०. बातमी गेली (कोंबडीने शाळेच्या ग्रंथालयात अंडं घातलं). नेहमी ती पाच मिनिटांत काहीतरी लिहायची. काही नाही.

४ मार्च. तिच्या नवऱ्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. वर सारी-केच्यूला फोन लागत नव्हता. मी मॉस्कोतल्या त्या दवाखान्याचा नंबर शोधला, लावला, पलीकडून कुणी बोललं आणि मी ठेवून दिला. काय विचारणार होते? तुमच्याकडे पडून असलेली बाई अजून आहे का?

५ मार्च. सकाळी.

"एजे, नवरोजची बातमी येईल ना?"

मी लिहिलं, "येईल."

"बाबांचीच?"

"बाबांचीच."

मग बराच वेळ ती लिहितेय, असं दिसत राहिलं. थांबली. पुन्हा लिहितेय.

"एक तारखेची यादी मी वाचली. तुम्ही काही लिहू नका. मला अजून कुणी कळवलेलं नाही. चार माणसं येऊन बसली नाहीत, कुणी पाठीवर हात ठेवला नाही. कळवेपर्यंत मला बाप आहे. मी इथे एकटी भिंतीकडे तोंड करून पडलेय. आत्ता रडले तर आतलं राहणार नाही. म्हणून मी रडत नाही. काकांना सांगू नका, ते घाबरतील. बातम्या तेवढ्या चालू ठेवा. नवरोजपर्यंत तरी त्यांना थांबवून धरा, एजे."

मी उत्तर लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. शेवटी जे पाठवलं ते एवढंच होतं: "आठ तारखेला पुढची आहे."

•

आता ते तिकडे तिच्यापासून लपवत होते, ती इकडे त्यांच्यापासून लपवत होती, आणि दोन्ही बाजूंची किल्ली माझ्या खिशात होती. आणि मधोमध जुमाश आगाय दोन बोटांनी लिहीत होते. त्या दिवसांत ते मला खुर्चीत जाणवायचे. दिसायचे नाहीत, तसलं काही नाही. पण ऑक्टोबरात त्यांनी ओढलेली खुर्ची मी परत जागेवर ठेवली नव्हती, आणि साफसफाईवाली बाई तिच्या बाजूने झाडायची, खालून नाही.

शेवटची बातमी मी उघडून वाचली नव्हती. यादी छापताना तिचं फक्त शीर्षक घेतलं होतं: नवरोज. घाट मोकळा झाल्यावर मार्चच्या मध्याला सातिबाल्दी आके आणि झूरा आले, तेव्हा तिघांनी मिळून वाचली.

२१ मार्च, ९:४०
शाळेत नवरोज साजरा झाला. मोड आलेल्या गव्हाची खीर कढईला लागली नाही. जुमाश आगायनी नेहमीप्रमाणे लांबलचक भाषण केले. पोरे कंटाळली व एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिली. सेझिम सर्वांत पुढे होती.
— जुमाश

"संपलं," झूरा म्हणाली. "कोल्हा आला, नद्या झाल्या, पण हे कसं करायचं? ते भाषणाचं वाक्य काढ."

"त्यांच्या मजकुराला मी हात लावणार नाही."

"मग बातमीच काढ!"

"तिने वाट बघितलीय."

"ती काय, पोर बघेल आणखी चार दिवस वाट. बाळंतपणाची तारीख पाच एप्रिल आहे तिची. तू लिही दुसरं काहीतरी."

तिला सगळं कळलंय, हे मला बोलायला मनाई होती. आके कागदाकडे बघत होते, दूर धरून, जसे म्हातारे बघतात.

"किती वेळ बोलायचा तो?" त्यांनी विचारलं.

"कोण मोजतंय, आके? दुपार व्हायची," झूरा म्हणाली.

"बावीस मिनिटं. मी दरवर्षी घड्याळ बघायचो. त्याला मागे एकदा म्हटलंही, दहा मिनिटांत आटप, लोक गोठतात. तर म्हणाला, गोठलेले लोक पळून जात नाहीत." त्यांनी कागदाची घडी केली. "बावीस मिनिटं उभे राहू. त्याचं भाषण होऊ दे."

•

एकवीस मार्चला मी वर गेले.

बातमी नऊ चाळीसला सुटणार होती, म्हणून सव्वानऊला सुरुवात करायची ठरली होती. अंगणात सगळं गाव उभं होतं. मुलं रांगेत, सेझिम सर्वांत पुढे, तिच्या दोन्ही वेण्यांना पांढऱ्या रिबिनींची फुलं. मोडक्या पायऱ्यांवर एक लाकडी चौरंग ठेवला होता, जिथे ते उभे राहायचे. चौरंगावर कुणी नव्हतं.

झूरा पुढे झाली. "आता जुमाश आगाय दोन शब्द बोलतील," असं दरवर्षीच्या आवाजात म्हणाली आणि बाजूला सरकली.

आके घड्याळ हातात धरून उभे राहिले.

पहिली पाच मिनिटं सगळे खाली बघत होते. मग हळूहळू लोक वर बघायला लागले, चौरंगाकडे, थोडं वर, त्यांच्या तोंडाची उंची जिथे असायची तिथे. वारा नव्हता. कढईतली खीर रटरटत होती. आठव्या की नवव्या मिनिटाला म्हाताऱ्यांच्या रांगेत एकजण हसला, नुसता ओठांत, आणि मग त्याच्या शेजारचा, मग बायका. तिथे त्यांचा तो तपासनिसाचा आणि मेंढ्याचा विनोद असायचा. दरवर्षी तोच, दरवर्षी त्याच जागी. मुलांना तो कधीच कळला नव्हता, त्यामुळे मुलं हसली नाहीत. हेही बरोबरच होतं.

पंधराव्या मिनिटाला पहिलीतलं एक पोर म्हणालं, "अजून किती बोलणार?" आईने त्याला चापट मारली. मग मुलं खरंच कंटाळली. एका पायावरून दुसऱ्या पायावर. बूट बर्फात करकरत होते, एक रांग, दुसरी रांग, सगळ्या अंगणभर तो आवाज. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाक्य दिसत होतं, अक्षर न् अक्षर, खरं होताना.

सेझिम हलली नाही. ती मान वर करून ऐकत होती. एकदा तिने मान डोलावली, वर्गात उत्तर बरोबर असलं की डोलावतात तशी.

"झालं," आके म्हणाले आणि घड्याळ खिशात टाकलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. नऊ सदतीस झाले होते.

खीर कढईला लागली नव्हती. मी पळी घालून तळ खरवडून बघितला.

तीन मिनिटांनी, मॉस्कोत सहा चाळीसला, तिचा फोन वाजला असणार. मनोरा अजून पुरता बाहेर आला नव्हता, त्यामुळे मला तिथे लाइन नव्हती. खाली आल्यावर निरोप मिळाला: "बावीस मिनिटं बोलले असतील. मीही पायांची बोटं हलवत पडून राहिले. एजे, आता त्यांना जाऊ द्या."

•

२२ मार्च, ९:४०
(रांगेत काही नाही.)

२३ मार्च, ९:४०
(रांगेत काही नाही.)

मी एक ओळ लिहून पाहिली. "सारी-केच्यूत बर्फ वितळू लागला," अशी. शेवटी डॅश आणि त्यांचं नावही टाईप केलं. मग खोडलं, कारण बर्फ वितळतोय की नाही, हे मला माहीत नव्हतं.

तीन एप्रिलला मुलगी झाली. दोघीही ठीक.

•

मेच्या शेवटी जाझगुल बाळ घेऊन आली. सातिबाल्दी आकेंनी मला बोलावून घेतलं. "चार माणसं लागतात," ते म्हणाले. "चौथी तू. पाच महिने त्याला धरून बसली होतीस."

खोलीत आके, झूरा, जाझगुलची सासू आणि मी. जाझगुलने दारातून आम्हाला चौघांना ओळीत बसलेलं पाहिलं, आणि तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती, पण ती येऊन समोर बसली, हात मांडीवर ठेवून, ऐकून घ्यायला. सासूने आधी बाळ तिच्याकडून घेतलं. मग आके बोलले.

"पोरी. तुझा बाप चांगला जगला. बर्फात चालता चालता बसला आणि उठला नाही. जानेवारीची नऊ. आम्ही त्याला नीट ठेवलं. तू आता रड."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग तिच्यातून जो आवाज निघाला, तो मार्चपासून आत दाबलेला होता आणि त्याला शब्द होते, ओळी होत्या, सगळ्या रचून तयार. ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि गात रडली, जशा आमच्याकडे शोकात बायका बसतात. मॉस्कोतही भिंतच होती. पण इथे पाठीवर चार हात होते. बाहेर सेझिम दारात उभी राहून बाळाच्या टोपीची नाडी बोटाला गुंडाळत होती.

संध्याकाळ व्हायच्या आधी तिने तोंड धुतलं, चहा घेतला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, "एजे, आता छापा."

मनोरा चालू होता. मी तिथेच, चुलीशेजारी बसून, कोरी जागा उघडली. साडेतीन ओळी लिहिल्या. जन्म, गाव, अडतीस वर्षं, भूगोल. पाठवताना फोनने विचारलं: तारीख आजची ठेवायची की मूळ?

"मूळ," जाझगुल म्हणाली. "बाबांची तारीख बदलू नका."

तिच्या मांडीवरचा फोन वाजला. तिने वाचलं नाही, नुसता हात ठेवला त्याच्यावर.

फीड तारखेप्रमाणे लागते. त्यामुळे ती बातमी सर्वांत वर आली नाही. खाली गेली, आपल्या जागी, जानेवारीत. आता कुणी सारी-केच्यूचं पान उघडून खालून वर वाचत आलं, तर तिथे एक मास्तर नऊ तारखेला मरतो. दोन दिवसांनी दोन गोवऱ्या मागतो. कोल्हा पाहतो. नातीकडून नद्या वदवून घेतो, एक जास्तीची. आणि वसंतात सगळ्या गावापुढे उभा राहून इतकं बोलतो, इतकं बोलतो की पोरं कंटाळतात.

पालकांपैकी कुणीही अजून तक्रार केलेली नाही. भूगोलाची जागा जूनच्या यादीत पुन्हा आहे.

लेखकाच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका तसाच आहे. तो काढायचं काम रिस्पेकचं. रिस्पेक म्हणतो, तुमचं आहे.